लाभार्थीच्या रकान्यातली खूण

चिरंजीव,

ज्येष्ठांच्या केंद्रात एकट्या म्हाताऱ्यांशी गप्पा मारायला स्वयंसेवक हवेत, माझं नाव घाल, असं तुला सांगितलं. तू फॉर्मवर खूण केलीस ‘लाभार्थी’पुढे. सकाळी केंद्राच्या एक स्वयंसेविका मला हात धरून फिरवायला आल्या. माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या. जिन्यात मीच त्यांना धरलं, तरी मलाच विचारतात, "आजी, दम लागला का?" म्हटलं, लग्नाआधी मी आगगाडीच्या पुढे पळायचे. शेवटी ड्रायव्हरच म्हणाला, बाई, जरा हळू, प्रवासी घाबरतात.

तुला फोन केला तर म्हणतोस, "आई, या वयात कशाला नसती दगदग?" म्हणजे चुकून नाही, मुद्दाम केलीस खूण. तुझी दोन कार्टी सांभाळली तेव्हा माझं वय कुठे गेलं होतं? दुपारभर भिंतीशी बोलून माझं डोकं फिरायची वेळ आलीय.

फॉर्म बदलायला मी केंद्रात चाललेय. जेवण झाकून ठेवलंय, गरम तेवढं कर. केंद्राच्या ऑफिसातल्या बाई घरच्यांची संमती विचारायला सहा वाजता तुला फोन करतील. ‘हो’ म्हण. आणि त्यापुढे ‘पण’ लावू नकोस.

आई