दुखऱ्या तोंडाचे दिवस

मामा,

परवा शेजारच्या मुलीला केमोचा दुसरा डोस देऊन घरी आणलं. तिची आई मला कौतुकानं सांगत होती, पोरीच्या तोंडाला चव नाही म्हणून लसणाची चटणी चांगली झणझणीत केलीय. मी ती वाटीच उचलून बाजूला ठेवली. आधी तिचं तोंड उघडून बघ, म्हटलं. बाई रागावली. घरी आले, तुमची आठवण काही हलेना, म्हणून लिहायला बसले.

तुमच्या मानेतल्या गाठींवर मुंबईला औषध सुरू झालं तेव्हा सासूबाई जाऊन वर्ष झालं होतं. तुमच्या मुलाला मुरबाडच्या कारखान्यात सुट्टी मिळेना, म्हणून तुमच्याबरोबर मी. शहापूरकडून सून होऊन आले त्याला काही वर्षं झाली होती, पण सासऱ्यासमोर मान वर करून बघायची आपल्याकडे रीत नव्हती. ताट ठेवायचं आणि बाजूला व्हायचं. तुम्हीही माझ्याशी बोलायचात ते भिंतीकडे बघून. एसटीत तुम्ही पुढच्या सीटवर, मी मागच्या, जशी काही ओळखच नाही.

दुसऱ्या डोसनंतर तुमचं खाणं तुटलं. "नको गो, भूक नाय," एवढंच. मला वाटलं, औषधानं तोंड मचूळ झालं असेल. तापातून उठलेल्या माणसाला आपण काय देतो? काहीतरी चरचरीत. मी सुकटीची चटणी केली, मिरची सढळ हातानं. तुम्ही दोन घास खाल्लेत, डोळ्यांतून पाणी आलं, आणि मी शहाणी मनात म्हणते, चला, चव तरी लागली! दुसऱ्या दिवशी आणखी तिखट. तेही खाल्लंत, सून प्रेमानं वाढते म्हणून. तुमच्या त्या सोसण्याचा मला अजून राग येतो, मामा. एक शब्द बोलला असतात तर काय बिघडलं असतं?

पुढच्या डोसला गेलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आ करा." तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि ओठ घट्ट मिटलेत. मी पडद्यामागे गेले तेव्हा कुठं उघडलंत. मग त्यांनी मलाच आत बोलावून दाखवलं. जीभ पांढरीफटक, गालांची आतून सालं निघालेली, हिरड्यांतून रक्त. "हे भरून येईपर्यंत डोस देता येणार नाही," त्या म्हणाल्या. "आणि असं उपाशी राहिले तर पुढचं औषध यांना झेपायचं नाही. तिखट कोण देतं यांना?" तुम्ही लगेच म्हणालात, "मीच मागतो. तिचा काय दोष नाय." त्या तोंडानं एवढं बोलायला किती दुखलं असेल, ते मला नंतर कळलं.

मग घरी नवे नियम सुरू झाले. कडुनिंबाची काडी बंद, मऊ ब्रश आणला. उकळून गार केलेल्या पाण्यात चिमूटभर मीठ आणि खायचा सोडा घालून चुळा, वर थेंबांचं औषध. आणि रोज बॅटरी लावून तोंड बघायचं. हे शेवटचंच अवघड. सकाळी ओटीवर मी बॅटरी घेऊन उभी, पदर पार कपाळाखाली ओढलेला, आणि तुम्ही भिंतीकडे तोंड करून बसलेले. दोघंही हटेनात. शेवटी तुम्हीच वळलात. "म्हसा गावच्या बाजारात आमी बैलाचे दात बघतो ना, तसा बघ. सासरा हाय म्हनून नको बघू." मी बॅटरी लावली. आणि कुठून धीर आला कोण जाणे, बोलून गेले, "बैल म्हातारा हाय मामा, किंमत नाय यायची!" तुम्ही हसलात. ओठ चिरला, रक्त आलं, तरी हसतच होतात. त्या सकाळी माझा पदर खांद्यावर आला, तो तुमच्यासमोर पुन्हा डोक्यावर गेला नाही. गावानं नावं ठेवली. ठेवू देत.

नाचणीची पातळ पेज, गार करून, गाळून. कधी दुधात कालवलेला मऊ भात, कधी कुस्करलेलं केळं. हळूहळू तोंड भरून आलं, राहिलेले डोस मिळाले. पुढे दोन पावसाळे तुम्ही आमच्यात होतात. दोन पावसाळे म्हणजे काय मोठंसं, असं लोक म्हणतात. त्यांनी तुम्हाला सिद्धगडाकडे बघत भाकरीचा कडक पापुद्रा कुरकुर चावताना पाहिलेलं नाही. मी पाहिलंय, आणि तेव्हा मला फार आनंद झाला होता.

एक सांगायचं राहिलं. त्या दुखऱ्या दिवसांत पेजेचा वाडगा पुढे केला की तुम्ही आधी विचारायचात, "तू जेवलीस का गो?" सासरी मला हे कुणी विचारलं नव्हतं, सगळ्यांचं झाल्यावर उरेल ते सुनेचं. मी हो म्हटल्याशिवाय तुम्ही वाडग्याला हात लावत नव्हतात, म्हणून मी हो म्हणायचे. हे पत्र कुणाला पाठवायचं नाही, म्हणून आज लिहिते. मामा, मी जेवलेली नसायचे.