ड्राय बाल्कनीतला ब्रेकडाउन

१३ जुलै, रविवार. सकाळी

वॉशिंग मशीन मध्येच थांबली. पोटात पाणी, पाण्यात नातीची दुपटी, झबली, टोपरी. दार लॉक. डिस्प्लेवर एक इंग्रजी अक्षर आणि एक आकडा. बटणं दाबून पाहिली. मशीन फक्त टूं टूं करते.

बायको, तनुजा, म्हणाली, सर्व्हिसवाल्यांना फोन लावते. मी हसलो. चाकणला आख्खी प्रेस लाइन ज्याच्या सहीशिवाय सुरू होत नाही, त्या मेंटेनन्स हेडच्या घरी साधी मशीन उघडायला बाहेरचा माणूस येणार. कंपनीत कळलं तर? तनुजा म्हणाली, कंपनीत सांगणार कोण? मुद्दा तो नाही.

मुद्दा असा की उत्कर्षा बाळंतपणाला आमच्याकडे आहे, गणपती होईपर्यंत राहणार आहे, आणि हे केवळ माझ्यामुळे जमलं आहे. जावई जयदीपचं घर मोशीचं. जुने शेतकरी, आता मोठा बंगला. त्याचे वडील अर्जुनराव सातव्या महिन्याच्या कार्यक्रमात चारचौघांत म्हणाले होते की पावसाळ्यात चिंचवडच्या फ्लॅटमध्ये बाळाचे कपडे वाळायचे कुठे, पोरीला मोशीलाच राहू द्या. तिथल्या तिथे मी जाहीर केलं की माझ्या नातवंडाच्या अंगाला ओला कपडा लागणार नाही. नुसता वॉशर नाही, ड्रायरही घेतला. ड्राय बाल्कनीत एकावर एक बसवून फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला. अर्जुनरावांनी नुसता अंगठा पाठवला. आतून लागलं असणार.

ठराव: आज संध्याकाळपर्यंत मशीन चालू.

संध्याकाळी

घाई नको. आधी रूट कॉज. मोठ्या कागदावर माशाचा सांगाडा काढला. कंपनीत काढतो तसाच. काटे चार: माणूस, मशीन, मटेरियल, मेथड. 'माणूस' या काट्याखाली तनुजाचं नाव लिहिलं. ती पावडर जास्त टाकते असा माझा संशय आहे.

तिने कागद वाचला. उरलेली मीटिंग उद्यावर.

१४ जुलै, सोमवार

जेवणाच्या सुट्टीत रोहिदासला सहज विचारलं. माझ्या हाताखालचा सुपरवायझर. म्हटलं, एका मित्राची मशीन आहे, अशी अशी अडकली आहे. तो म्हणाला, सर, मित्राला सांगा वॉरंटी असेल तर उघडू नका. रोहिदास कामसू आहे, पण पुढाकार घेत नाही. म्हणूनच तो सुपरवायझर आहे.

घरी येऊन बूटसुद्धा न काढता खालचा फिल्टर फिरवला. आधी नळीतून पाणी काढून घ्यायचं असतं असं मॅन्युअलमध्ये लिहिलं आहे म्हणे. मॅन्युअल ऑपरेटरसाठी असतं, मी वाचत नाही. पाणी ड्राय बाल्कनीतून किचनमध्ये, किचनमधून हॉलमध्ये गेलं. काही भाग खालच्या मजल्यावर अण्णासाहेबांकडे गेला. अण्णासाहेब वर आले. लुंगी भिजलेली. देहूरोडच्या फॅक्टरीतून रिटायर झालेला माणूस, शिस्तीचा. मशीनकडे आणि मग माझ्या बुटांकडे बघत उभे राहिले. मी त्यांना कालचा फिशबोनचा कागद दाखवला.

जमेची बाजू: दार उघडलं. कपडे बाहेर आले. वास होता. तनुजाने ते सगळे हाताने पुन्हा धुतले. म्हणजे निम्मी रिकव्हरी दुसऱ्याच दिवशी.

१५ जुलै, मंगळवार

हाताने धुतलेले कपडे ड्रायरमध्ये टाकले. एक्स्टेन्शन बोर्ड कालच्या पाण्यात होता हे लक्षात राहिलं नाही. फाट असा आवाज. घर अंधारात. नात रडायला लागली. लाइट परत आणली, ड्रायर परत आला नाही.

मागचं पॅनल उघडलं. आतली रचना बघून वाईट वाटलं. किती वायरी. अनावश्यक. पॅनल परत लावताना काही स्क्रू उरले. कंपनीत आम्ही याला व्हॅल्यू इंजिनिअरिंग म्हणतो आणि त्यासाठी पुण्याहून कन्सल्टंट येतो.

आता दोन्ही मशीन एकाच स्थितीत आहेत. त्यामुळे निदान सोपं होईल.

१६ जुलै, बुधवार

हॉलमध्ये दोऱ्या बांधल्या. पडद्याच्या रॉडपासून देवघराच्या खिळ्यापर्यंत. सोफ्यावर बसायचं तर दुपटी बाजूला सारावी लागतात. पंखा फुल्ल. बाहेर झडीचा पाऊस, आत दमट वास. कपडे ओलेही नाहीत, कोरडेही नाहीत. तनुजा एकेक झबलं इस्त्रीखाली धरते. शाळेत शिकवून आल्यावर दोन तास तेच. मी म्हटलं, हा मॅन्युअल बायपास झाला, वाईट नाही. ती इस्त्री हातात घेऊन माझ्याकडे बघत राहिली, म्हणून मी बाल्कनीत गेलो.

उत्कर्षा म्हणाली की बाळाच्या मांडीवर लाल पुरळ दिसतंय. मी पाहिलं. किरकोळ.

१७ जुलै, गुरुवार

माझ्या फोनवर मेसेज. तनुजाने परस्पर तक्रार नोंदवली. उद्या सकाळी टेक्निशियन येणार. मशीन माझ्या नंबरावर घेतल्यामुळे कळलं, नाहीतर कळलंही नसतं. घरातल्या घरात एस्कलेशन.

विचार केला. मी निदानाच्या अगदी शेवटच्या टप्प्यावर आहे. अशा वेळी बाहेरचा माणूस आला की पुरावा नष्ट होतो. शिवाय तो मागचं पॅनल उघडणार आणि नको ते प्रश्न विचारणार. मेसेजच्या खाली 'रद्द करा' असं बटण होतं. दाबलं. कारण विचारलं, तिथे 'समस्या सुटली' एवढाच पर्याय बरा वाटला. तांत्रिकदृष्ट्या उद्यापर्यंत ते खरं होणारच आहे.

तनुजाला सांगायचं राहिलं.

१८ जुलै, शुक्रवार

तनुजाने हाफ डे टाकला होता. टेक्निशियन आला नाही. ती खिडकीत उभी राहून गेटकडे बघत होती. मी ऑफिसला निघताना म्हटलं की या देशात सर्व्हिस कल्चर नाही. ती हो म्हणाली. तिने माझ्याशी सहमत व्हायची ही या आठवड्यातली पहिली वेळ. का कोण जाणे, लिफ्टमध्ये जरा अस्वस्थ वाटलं. नाश्ता झाला नव्हता.

संध्याकाळी दोघी बाळाला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. परत आल्यावर उत्कर्षाने सांगितलं, डॉक्टर म्हणाले घाबरण्यासारखं नाही, मलम लावा, पण दमट कपडा अंगाला लावू नका. दमट या शब्दावर उत्कर्षाने माझ्याकडे पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही, असं वाटलं.

ठराव: शनिवार पूर्ण सुट्टी. युद्धपातळीवर.

१९ जुलै, शनिवार

पंप सुटा करून ओट्यावर मांडला होता तेवढ्यात बेल. अर्जुनराव आणि विहीणबाई, शालनबाई. मागे जयदीप, हातात मोठी बॅग, रिकामी. उत्कर्षाने रात्रीच नवऱ्याला फोन केला होता. हे मला आत्ता कळतंय.

व्याही आले म्हणून मी हात पुसून पुढे गेलो. हात काळे होते, नमस्कार लांबूनच केला. अर्जुनराव दोऱ्यांखालून वाकून सोफ्यापर्यंत आले. टोमणा मारतील म्हणून मी तयार होतो. उत्तरंही तयार होती. त्यांनी टोमणा मारला नाही. म्हणाले, "व्याही, तुमी निवांत करा तुमचं काम. बाळ काय कुटं लांब चाललंय का."

शालनबाईंनी नातीचं दुपटं गालाला लावून पाहिलं आणि नातीला पदराखाली घेतलं. मी त्यांना विचारलं की तुमच्याकडे तरी या हवेत कपडे कसे वाळतात. त्या म्हणाल्या, "शेगडीवर टोपलं पालथं घालायचं, त्याच्यावर टाकायचं. आमच्यात तसंच हाय."

टोपली. सेफ्टीच्या दृष्टीने त्या पद्धतीत त्रुटी आहेत.

अर्ध्या तासात बॅग भरली. निघताना उत्कर्षा पाया पडली. म्हणाली, बाबा, मशीन नीट झाली की येते. म्हणजे प्रोजेक्टला आता डेडलाइन आहे. उत्तम.

दोऱ्या सोडल्या. हॉल मोठा दिसतोय.

२० जुलै, रविवार

तनुजाने सर्व्हिसवाल्यांना फोन लावला, माणूस का आला नाही म्हणून जाब विचारायला. स्पीकर चालू होता. पलीकडच्या मुलीने नम्रपणे सांगितलं की कस्टमरनेच गुरुवारी रद्द केलं, समस्या सुटली असं कळवून.

तनुजाने आभार मानून फोन ठेवला. मी बोलायला सुरुवात केली होती, पुराव्याबद्दल. ती म्हणाली, "मशीन बंद पडली याचं मला काहीच नाही. माणूस येत होता, तुम्ही त्याला येऊ दिला नाहीत. आणि मी इथे रजा टाकून खिडकीत उभी होते."

मोठ्याने नाही बोलली. बोलली असती तर बरं झालं असतं, मला उत्तर देता आलं असतं.

दुपारी जेवण वाढून ती आत गेली. भाजीत मीठ नव्हतं. मी तशीच संपवली. एक समंजस माणूस म्हणून हे नोंदवून ठेवतो.

२२ जुलै, मंगळवार

तनुजा शाळेतून परस्पर मोशीला गेली. बाळाला न्हाऊमाखू घालायला मदत हवी म्हणून चार दिवस. मोशीत मदतीला माणसं कमी नाहीत, पण मी विचारलं नाही.

घर शांत. एकाग्रतेला पोषक. पंप जोडला. उलटा जोडला. काढला.

चाकणला जाताना हायवेवरून अर्जुनरावांची गच्ची दिसते. रोज दिसत असणार, मी आज पाहिली. पत्र्याच्या शेडखाली ओळीने दुपटी. एकावर हत्ती आहेत, ते मी घेतलेलं. गाडी जरा हळू केली. मागच्या ट्रकवाल्याने हॉर्न मारमार मारला. या रस्त्यावर कुणाला पेशन्स नाही.

मीटिंगला शर्ट थोडा ओलसर होता. बॉसने विचारलं, बाहेर पाऊस आहे का. हो म्हटलं. ऊन होतं.

२४ जुलै, गुरुवार

टेक्निशियन आला. मीच बोलावला. याला माघार म्हणता येणार नाही, याला सेकंड ओपिनियन म्हणतात.

पडवळ नावाचे गृहस्थ. माझ्याच वयाचे, बडबडे. म्हणाले, सुरुवातीला फिल्टरमध्ये काहीतरी अडकलं असेल, तेवढंच. पण नंतर कुणीतरी पाणी आत घातलंय, वॉशरचा बोर्ड गेला. ड्रायरचं तर त्यांनी पॅनल उघडलं आणि परत लावलं. विचारलं, हे आधी कुणी उघडलं होतं?

मी म्हटलं, आधी एक मेकॅनिक येऊन गेला.

पडवळ म्हणाले, "त्याला परत घरात घेऊ नका, साहेब."

लक्षात ठेवतो म्हटलं.

वॉरंटी बाद. वॉशरचा बोर्ड मागवला आहे. कधी येईल हे त्यांनाही माहीत नाही. ड्रायरबद्दल म्हणाले, वरती कुंडी ठेवायला चांगली जागा आहे.

तनुजाला फोन करून सांगितलं की निदान पूर्ण झालं. ती बरं म्हणाली. पाठीमागे नातीचा आवाज येत होता. रडत नव्हती. कुणाशी तरी बोलत असल्यासारखा आवाज. मी विचारलं, कोणाशी बोलतेय? तनुजा म्हणाली, अर्जुनरावांशी.

२७ जुलै, रविवार

मोशीला गेलो. निव्वळ नातीला बघायला. धुवायचे कपडे गाडीत होतेच, म्हणून पिशवी आत नेली. शालनबाईंनी काही न विचारता ती घेतली. तनुजाने पिशवीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच थोडी हसली. बोर्ड केव्हा येणार हे मी सांगत होतो, पण ते कुणी विचारलं नव्हतं.

पुरळ गेलं आहे. नात गुटगुटीत झाली आहे. उत्कर्षा म्हणाली, गणपतीपर्यंत आता इथेच राहते बाबा, तुम्हीच येत जा. मी मोठ्या मनाने मान्य केलं.

मागच्या पडवीत त्यांची मशीन चालू होती. जुनी, अर्धी हाताने चालवायची. माझे शर्ट त्यात. मी कान दिला. घर्र, घर्र, मध्ये एक खट्ट. बेअरिंग. शंभर टक्के बेअरिंग. मी उठलो आणि अर्जुनरावांना स्क्रूड्रायव्हर मागितला.

अर्जुनराव तोंड उघडणार तेवढ्यात उत्कर्षा धावत आली आणि नात माझ्या मांडीवर ठेवली. म्हणाली, "बाबा, एक हात डोक्याखाली, एक कमरेखाली. दोन्ही हात काढायचे नाहीत."

एवढी माणसं घरात असताना तिने बाळ माझ्याकडे दिलं. जबाबदारीचं काम कुणाला द्यायचं हे मुलीला बरोबर कळतं. मी हललो नाही. नातीने माझं बोट धरलं आणि झोपली. मशीन खट्ट खट्ट करत शेवटपर्यंत चालली. कपडे धुऊन निघाले, पिळून निघाले, गच्चीवर गेले. दोन्ही हात अडकलेले असल्याने मला त्यात काहीच करता आलं नाही, याची खंत आहे.

जेवायच्या वेळी शालनबाईंनी बाळ उचलून नेलं. मी पडवीकडे निघालो, तर वाटेतच तनुजाने मला बसवलं आणि पुढ्यात लसणाने भरलेलं पाखडायचं सूप ठेवलं. सोला म्हणाली, सगळा.

सगळा सोलला. इतक्या माणसांच्या घरात ऐनवेळी माझ्यावाचूनच अडतं.