टाकीतली टिकटिक

४ मार्च, सोमवार
आजपासून संयम. सबस्टेशनात इन्सुलेशनची जबाबदारी माझी, आणि भोवती सगळे गलिच्छ लोक. विजेच्या तारेभोवती इन्सुलेशनचा गॅस भरायच्या टाकीत धातूचा एक कण राहिला तरी लाखभर व्होल्टची ठिणगी पडते, आणि आमचा फिटर झाकणावर रेलून कान कोरतो. शी! शेवटी टाकी मीच तपासून बंद केली. एकवीस वर्षांची नजर आहे.

५ मार्च, सकाळी
गॅस भरला. टेस्टिंगला नवी इंजिनिअर आली आहे, सगळे तिला चष्मेवाली म्हणतात. सेन्सर लावून म्हणाली, सर, आत टिकटिक होतेय, धातूचा कीस असेल, उघडून बघू या. मी म्हटलं, बाहेरच्या क्रेनचा आवाज. तिने क्रेन बंद करायला लावली. टिकटिक चालूच. मी म्हटलं, क्रेन गार होतेय.

५ मार्च, दुपारी
उघडायचं म्हणजे चार दिवस गेले. साहेबांना मी शुक्रवारचा शब्द देऊन बसलोय. चष्मेवालीला लेखी हवं होतं. दिलं, टपोऱ्या अक्षरात: 'बाहेरचा आवाज. धोका नाही.' उद्धट पोरगी, आभारसुद्धा मानले नाहीत.

७ मार्च
टिकटिक वाढली म्हणे. मी तिकडे फिरकायचंच नाही असं ठरवलंय. जेवण जात नाही. बायकोने कारण विचारलं. म्हटलं, ऑफिसातल्या घाणीने शिसारी बसलीय.

८ मार्च, शुक्रवार
अकराला लाइन चालू केली. अकरा वाजून चार मिनिटांनी टाकीच्या पोटात दणका. अर्ध्या शहराची वीज गेली. हॉस्पिटल जनरेटरवर. साहेब ओरडत होते.
पहिली चार मिनिटं मात्र उत्तम गेली. हे कुणी बोलत नाही.

११ मार्च
टाकी उघडली. आत पांढरी भुकटी, सडक्या अंड्यांचा भपकारा, इन्सुलेटरवर ठिणगीने जळालेल्या काळ्या फांद्या. तळाशी बोल्टच्या आट्यांचा कीस, नखाएवढा. साहेबांनी माझी चिठ्ठी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचली. चष्मेवालीच्या प्रत्येक टोमण्याला मी उत्तर तयार ठेवलं होतं. तिने फक्त कीस चिमट्याने उचलून पिशवीत घातला. साहेबांनी टाकी पुसायचं काम मला दिलं. मास्कचा पट्टा मला दोनदा निसटला, शेवटी फिटरने बांधला. सावकाश, सर, म्हणाला.

१२ मार्च
तीनदा अंघोळ केली. वास जात नाही. बायको म्हणते, कसला वास? मुलीलाही हात हुंगायला लावले. तिलाही येत नाही. फक्त मलाच येतो.
साबण भेसळीचा असणार.