एप्रिलमधली दुसरी शाल

टेंभुर्डी, ता. केळापूर, जि. यवतमाळ
मंगळवार, ८ एप्रिल २०२५

चि. मारोतराव यास,

शनिवार, दिनांक ५ एप्रिल, सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटे. ही वेळ आधी नोंदवते आणि मग तुझ्या तब्येतीची चौकशी करते, कारण अडतीस वर्षं पोस्टात काढलेल्या बाईला शिक्का मारल्याशिवाय पुढचं काम सुचत नाही. तर अनेक आशीर्वाद. गुडघा कसा आहे? शनिवारी स्टेजवर चढताना तुला दोघांनी धरावं लागलं, उतरताना मात्र तू एकटाच पळालास, तेव्हा फरक पडला असावा. भावजयीची शुगर कशी आहे? तिला म्हणावं, गोळ्या वेळेवर घे, नवऱ्याच्या आठवणीवर विसंबू नकोस. (त्याला सख्ख्या चुलत बहिणीचे सात फोन आठवत नाहीत, तर गोळ्या कुठून आठवणार!) माझी तब्येत उत्तम आहे. हे मुद्दाम लिहिते, कारण तू दोनशे माणसांसमोर त्याच्या उलट सांगितलं आहेस.

शनिवारपासून मी तुला सात फोन केले. त्याचं उत्तर म्हणून तू व्हॉट्सअ‍ॅपवर हात जोडलेलं चित्र पाठवलंस. मारोतराव, हात देवासमोर जोडतात, मतं मागताना जोडतात. बहिणीने प्रश्न विचारल्यावर तोंड उघडतात. म्हणून हे पत्र रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह पाठवत आहे. पोस्टमनसमोर सही तू स्वतः करायचीस, दुकानातल्या माणसाला पुढे करायचं नाही. पांढरकवड्याच्या त्या पोस्टात मी कोण बसवलाय आणि कोण उठवलाय, हे तुला माहीत आहे.

आता मुद्द्यावर येते. म्हणजे आधी सान्नावर येते, कारण सगळं तिच्यापासून सुरू झालं. नोव्हेंबरात तुझ्या कुठल्याशा ओळखीच्या संस्थेने ही मुलगी पाठवली आणि तू, शाळा समितीचा अध्यक्ष या नात्याने, गावभर सांगत सुटलास की आपल्या शाळेत आता गोरी मॅडम इंग्रजी शिकवणार. उतरायला तिला माझं घर दिलंस. मला न विचारता दिलंस, पण ते जाऊ दे. मुलगी फिनलंडची. तिथे घरात कोणी इंग्रजी बोलत नाही, जसं तुझ्या घरात कोणी फ्रेंच बोलत नाही. हे कळायला मला तिची दोन वाक्यं पुरली. तुला पाच महिने पुरले नाहीत. शनिवारच्या बॅनरवर तू तिला अमेरिकेची करून टाकलंस आणि भाषणात लंडनची. (बिचारी दोन्हीकडे कधी गेलेली नाही.) नागपूरला शाळेत सिस्टर अ‍ॅग्नेस आम्हाला एका चुकीच्या उच्चारासाठी अख्खं पान पुन्हा वाचायला लावायची. सान्ना तिच्या वर्गात असती, तर अजून पहिलं पान वाचत बसली असती.

पहिल्या दिवशी मी शाळेत गेले ती फक्त तिला पोचवायला. ती सहावीच्या वर्गासमोर उभी राहिली, आपलं नाव-गाव सांगितलं, आणि काही विचारायचं आहे का, असं म्हणून वाट बघत थांबली. वर्गात चौतीस मुलं. त्यांना काही कळलं नव्हतं, त्यामुळे ती अदबीने गप्प. तिच्या देशात कोणी गप्प असलं तर त्याला आणखी गप्प बसू देतात म्हणे, त्यामुळे तीही गप्प. मी दारात उभं राहून घड्याळ पाहिलं, अकरा मिनिटं गेली. अकरा मिनिटं, मारोतराव! एवढ्यात मी काउंटरवर चाळीस माणसं निपटवली आहेत. शेवटी मला राहवलं नाही. आत गेले, कोपऱ्यातली लोखंडी खुर्ची ओढली, बसले, आणि मुलांना म्हटलं, ‘अबे, ते विचारून राह्यली का तुमाले काही पुसाचं आहे का. पुसा ना आता!’ एकाने विचारलं, तुमच्या गावात कापूस होते का. तिथून वर्ग सुरू झाला.

त्या खुर्चीवरून मी पाच महिने उठले नाही. सान्ना चेंडू फेकायची, ज्याच्या हातात पडेल त्याने एक वाक्य बोलायचं. वाक्य त्याला आधी सांगायचं कोणी? मी. ती टाळ्या वाजवून गाणी म्हणायची. गाण्याचा अर्थ कोणी सांगायचा? मी. शुद्धलेखन, पाठांतर, पुस्ती या गोष्टी तिला ठाऊकच नव्हत्या. त्या मी दुपारच्या खिचडीनंतर उरकून घ्यायचे. थोडक्यात, फोटो तिचे निघत होते आणि फळा मी पुसत होते. मला त्याचं काही नाही. (हेडमास्तर रूपसिंग सरांना विचार, मी एकदा तरी काही बोलले का. बोलले असेन तर एकदाच.)

आता शनिवार. सान्नाचा शाळेतला शेवटचा दिवस. सकाळची शाळा म्हणून सातला सगळे हजर, अध्यक्ष पावणेनऊला. तोवर मुलं उन्हात, सान्ना उन्हात, आणि सान्नाचा रंग तुझ्या दुकानातल्या लाल मिरचीच्या पोत्यासारखा. मग सत्कार. एक शाल, अकरा नारळ, सात ब्लाउजपीस, एक भिंतीवरचं घड्याळ, आणि उपसरपंचांकडून पाच किलो तुरीची डाळ, घरच्या शेतातली. विमानात तेवीस किलोच्या वर सामान नेता येत नाही हे मी आठवडाभर सांगत होते. पण या गावात माणूस जायला निघाला, की त्याला हलता येणार नाही इतकं सामान दिल्याशिवाय कोणाचं समाधान होत नाही. त्यात खिचडी शिजवणारी रामीबाई पुढे आली आणि म्हणाली, ‘लेक चालली, तं ओटी भरा लागते.’ लग्न न झालेल्या परदेशी मुलीची ओटी कुठल्या रीतीने भरतात हे मी विचारणार होते, पण तोवर तिने तांदूळ ओतले होते. सान्नाला पदर कुठला? तिने सदऱ्याची कड पुढे धरली. अर्धे तांदूळ बुटात गेले. ती रडायला लागली, म्हणून रामीबाई रडायला लागली, म्हणून पहिली ते चौथी रडायला लागली. मी रडले नाही. माझ्या डोळ्यांत धूळ गेली होती.

आणि मग नऊ चाळीस.

समीक्षा तुला माहीत नसेल. सहावीतली, दुसऱ्या बाकावरची. ही मुलगी नोव्हेंबरपासून वर्गात कुठल्याच भाषेत बोललेली नाही. हजेरीलासुद्धा नुसता हात वर करायची. चेंडू तिच्या हातात पडला की ती तो बाकाखाली ठेवायची. तीन आठवडे तिला मी माझ्या ओसरीवर बसवून पाच वाक्यं शिकवली. पाच इंग्रजी वाक्यं, निरोपाची. ठरलं असं होतं की तिने माइकसमोर उभं राहायचं, माझ्याकडे बघायचं, मी पहिला शब्द नुसता ओठांनी सांगायचा, पुढे ती म्हणणार. नऊ चाळीसला ती उभी राहिली. माइक तिच्या उंचीला आणला. तिने माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं. आणि मागून येऊन तू माझ्या डोक्यावरून शाल टाकलीस.

एप्रिल महिना, एक्केचाळीस डिग्री, लोकरीची शाल, आणि ती तोंडावर. मी त्यातून बाहेर येईपर्यंत तू माइक हातात घेऊन बोलत होतास, ‘आमच्या ताईनंबी लय मेहनत केली. आता तिचं वय झालं. सान्ना मॅडमसंगं ताईलेबी आज निरोप देऊन टाकू, तिले आता आराम पायजे.’ दोनशे माणसांनी टाळ्या वाजवल्या. तुझा कपिल मोबाइल धरून ‘आत्या, इकडे पाहा, हसा’ म्हणत होता. समीक्षा खाली जाऊन बसली. तिच्याकडे नंतर कोणी पाहिलंच नाही.

हे का झालं ते मला चांगलं समजतं. तू वाईट नाहीस, भित्रा आहेस. पाहुणीला शाल दिली आणि ताईला दिली नाही, तर ताई वर्षभर बोलेल, या भीतीने तू दुसरी शाल आणलीस. शाल दिली की चार शब्द बोलावे लागतात, आणि शाल देताना तुला एकच भाषण येतं, ते निरोपाचं. गेल्या वर्षी बालवाडीत पहिली आलेल्या पोरीलाही तू सेवानिवृत्तीच्या शुभेच्छा दिल्या होत्यास.

पण परिणाम बघ. सोमवारी सात वाजता मी नेहमीप्रमाणे शाळेत गेले. रूपसिंग सर दारातच आडवे आले. चांगला माणूस, नजर जमिनीवर. म्हणाले, ‘ताई, तुमाले तं परवा निरोप देला ना. आता कायच्या नावानं बसवू तुमाले? अध्यक्षसाहेबांचं पत्र आणा.’ म्हणजे पाच महिने कागदाशिवाय बसले ते चाललं; शाल घातल्यावर मात्र कागद लागतो. घरी परत आले. मला काय, घरी कामं पडली आहेत. पापड करायचे आहेत.

तरी माझ्या मागण्या तीनच. एक, कपिलने ग्रुपवर टाकलेला तो फोटो काढून टाकावा. त्यात मी शालीतून बाहेर येताना ओरडते आहे आणि खाली ‘भावुक क्षण’ लिहिलं आहे. दोन, अध्यक्षांनी लेखी कळवावं की शनिवारी निरोप एकाच व्यक्तीला दिला गेला, दुसरी शाल चुकून पडली. तीन, शाल मी वेगळ्या पार्सलने परत करत आहे, ती मिळाल्याची पोच द्यावी.

कळावे, लोभ आहे तेवढा पुरे.

तुझी ताई,
विमल

ता. क. शाल परत करत नाही. पार्सल बांधलं होतं, मग सोडलं. सहावीतली ती खुर्ची लोखंडी आहे, उन्हाळ्यात तापते आणि तिला एक खिळाही वर आला आहे. शालीच्या चार घड्या केल्या की ती बरोबर त्या बैठकीएवढी होते. सहज मोजून पाहिलं, दुसरं काही नाही.

ता. क. २. दुसरं काही आहे. शाळा जूनअखेर उघडेल तेव्हा मला त्या वर्गात बसायचं आहे. पगार नको, नाव नको, बॅनर तर मुळीच नको. फक्त तुझं दोन ओळींचं पत्र हवं. हे मागायला मला इतकी पानं लिहावी लागली, हे भावजयीला सांगू नकोस.

ता. क. ३. एक लिहायचं राहिलं. रविवारी सकाळी सान्नाला बसमध्ये बसवायला मी फाट्यावर गेले होते. (डाळ तिने नेली. घड्याळ काढून ठेवलं आणि डाळ नेली. मुलगी मला वाटलं होतं त्यापेक्षा शहाणी निघाली.) बस सुटायच्या आधी समीक्षा सायकलवर धापा टाकत आली, खिडकीखाली उभी राहिली आणि पाच वाक्यं म्हणाली. माझ्याकडे न बघता. चार मी शिकवलेली, एकही चूक नाही. सिस्टर अ‍ॅग्नेसनेही पान पुन्हा वाचायला लावलं नसतं. पाचवं मी ‘पुन्हा या’ असं बसवलं होतं. तिने ते म्हटलंच नाही. ती म्हणाली, जूनपासून विमल मॅडम आम्हाला शिकवणार आहेत. हे वाक्य तिचं स्वतःचं. मी ते शिकवलेलं नाही, सान्नानेही नाही.

आता या मुलीचं स्वतःचं पहिलं इंग्रजी वाक्य खरं ठरवायचं की खोटं, हे अध्यक्षांच्या हातात आहे. लेखी उत्तर शनिवार, १९ एप्रिल, सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांच्या आत माझ्या हातात पडलं पाहिजे. जोडलेले हात चालणार नाहीत.