उणे एक

१२ सप्टेंबर २००३

झोपून राहा! हिंगोलीच्या डॉक्टरीणबाईंकडे एवढंच औषध. “पाय उंच. उठायचं ते फक्त बाथरूमला. लेकरू पाहिजे ना?” सातवा लागलाय आणि डाग दिसायला लागले. चार दिवस याडी-बापूंना, म्हणजे आई-वडिलांना, भेटायला म्हणून तांड्यावर आले होते, आता बाळंतपणापर्यंत इथेच. पुण्याची बस — नावच काढायचं नाही.

आणि माझं काम तिकडे ऑफिसच्या टेबलावर अर्धं पडलंय.

१३ सप्टेंबर

बॅगेत कोडचे छापील कागद निघाले. देवच पावला! प्रवासात वाचायला म्हणून घेतले होते. कुशीवर वळून वाचतेय. कॉम्प्युटर इथे कुठला? दिवसातून आठ-आठ तास लाईटच नसते.

१५ सप्टेंबर

याडी विचारते (ती गोरमाटीत, आमच्या बंजारा बोलीत बोलते, मी मराठीत लिहिते), “त्या कागदात काय हाय एवढं?”

काय सांगू? म्हटलं, मशीनच्या गाभ्यात एक मोजणी बसवली मी. डिस्ककडे एक काम गेलं की आकडा एकनं वाढवायचा, काम उरकलं की एकनं उतरवायचा. काही काम नसेल तर शून्य. पण माझा आकडा शून्यावर येतच नाही — उणे एक होतो! मग मशीनला वाटतं डिस्क सारखी राबतेय. शंभर टक्के. आणि ती बिचारी निवांत असते.

“मग ऱ्हाऊ दे की निवांत,” याडी म्हणाली.

साहेबांना दिवाळीच्या आत पाहिजे. सहा महिने झाले मला लागून, अजून पक्की केलेली नाही. हा आकडा नीट झाला की करतो, म्हणाले होते.

१७ सप्टेंबर

बापू जवळा बाजारला जाऊन एस.टी.डी. वरून ऑफिसला फोन लावून आले. तिकडच्या मुलीनं थांबा म्हणून सांगितलं आणि नुसतं संगीत ऐकवलं. बापू ते संगीत ऐकत उभे, इकडे मीटर पळतोय! शेवटी ठेवून दिला. मग रणजीतला लावला, त्याच्या शेजाऱ्यांकडे. रणजीत म्हणाला, “मामा, तुम्ही कशाला तकलीफ घेता? ऑफिसचं मी बघतो. तिला म्हणावं फक्त आराम कर.”

बरं वाटलं. नवरा असावा तर असा, असं नानीबाई काकी पण म्हणाल्या.

२१ सप्टेंबर

काही नाही. पडून.

२६ सप्टेंबर

सापडलं!!

शेजारशेजारची दोन कामं आली की कर्नेल, म्हणजे मशीनचा गाभा, त्यांचं एकच काम करतो, म्हणजे डिस्कला दोनदा जायला नको. आमच्यात दोन वावरांचा कापूस एकाच गाडीत घालतात तसं. आता मी केलं काय — दोन आले म्हणून दोन वाढवले. जोडले तेव्हा एक उतरवला. आणि गाडी रिकामी झाल्यावर परत दोन उतरवले! दोनातून तीन! सगळीकडे नाही, नवं काम पुढच्या बाजूनं येऊन जुळतं त्या एकाच वाटेवर. म्हणून तर दिसत नव्हतं इतके दिवस.

एक ओळ काढायची. फक्त एक ओळ. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या प्रियंकाला कळलं तर दोन मिनिटांचं काम आहे. आणि मी इथे, पालथ्या पाटीवर पाय उंच ठेवून.

ओरडावंसं वाटलं. ओरडले पण. याडी पळत आली, तिला वाटलं कळा आल्या.

५ ऑक्टोबर, दसरा

रणजीत आला! बाळाचं झबलं आणलं, आपट्याची पानं दिली, माझे पाय चेपले. त्याला सगळं दाखवलं, ओळीखाली रेघ मारून कागद दिला. त्यानं नीट ऐकलं. “जोडल्यावर उतरवायचं नाही, बराबर?” असं उलट विचारलंसुद्धा. प्रियंकाला नेऊन देतो म्हणाला.

मी म्हटलं, साहेब रागावले नाहीत ना? “कशाला रागावतील? तू डोकं शांत ठेव.”

९ ऑक्टोबर

पुन्हा लाल. जास्तच. किशनरावांची जीप, खड्डे, हिंगोली. याडीनं सगळ्या रस्त्यानं माझं पोट दोन्ही हातांनी धरून ठेवलेलं. सकाळपासून आत काही हललं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी यंत्र लावलं, इकडून तिकडे फिरवलं. मग म्हणाल्या, आहे.

आहे.

१४ ऑक्टोबर

प्रियंकाकडून काहीच नाही. चालला का आकडा? शून्यावर आला? रणजीतचा निरोप — “चालू आहे सगळं.” चालू आहे म्हणजे काय!

बापूंना म्हटलं, तुम्ही प्रियंकाच्या घरी लावा फोन, माझ्याकडे तिचा नंबर आहे. बापू नको म्हणाले. “जावायानं अंगावर घेतलं ना काम? मंग आपून मधी बोललं तर त्यांना वाईट वाटन.”

दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडले. दुसरं काय करू शकते मी?

१९ ऑक्टोबर

जेवले नाही दोन वेळा. ते करता येतं, झोपूनसुद्धा. संध्याकाळी बापू पलंगाशी येऊन बसले. “सांग, काय बोलायचं ते.”

चौथी शिकलेत. इंग्रजी येत नाही. मी मराठीत सांगितलं, त्यांनी डोळे मिटून पाठ केलं — “जोडलं तवा उतरवू नको. शेवटीच काय ते उतरव.” पुन्हा, पुन्हा. चुलीपुढून याडी हसायला लागली. मी पण हसले, पोट धरून, हळू.

२० ऑक्टोबर

बापू आले. चपला काढल्या, आत आले, बसले नाहीत.

“लागला फोन?”

“व्हय.”

“सांगितलं?”

“सांगितलं. ती म्हणली, ते तर लई दिवस झाले, कुण्या पोरानं नीट केलं.” मग खाली बघत म्हणाले, “ती पोरगी मलाच विचारून राहिली, काका, शितलनं काहून सोडली नोकरी? म्हणे, जावायबापू महिन्याखालीच हापिसात सांगून गेले — शितल आता येणार न्हाई. तुझ्या पगाराचा हिशोब बी घेऊन गेले.”

याडीच्या हातातलं पीठ तसंच.

“म्या काय बोलू, पोरी? म्या म्हणलं, व्हय.”

याडी म्हणते, रडू नको, पोटाला धक्का बसेल. नाही रडत. दिवाळीला रणजीत येणार आहे.