दगडूची अंडी

२ फेब्रुवारी २०२५, रविवार
उठलो. चहा केला. दगडूच्या टबातलं पाणी बदलायला गेलो तर दगडू टबात नाही. गॅलरीत अळू लावलेल्या घमेल्यात सापडला, मागच्या पायांनी माती लोटत होता. उचलून टबात ठेवला. मातीत बोट घातलं. चार अंडी. पांढरी, लांबट.
दुकानदाराने हे कासव नर म्हणून दिलं होतं. माझी बायको सुलक्षणा इतकी वर्षं त्याला 'माझा मुलगा' म्हणायची. अक्षताला पवईला फोन केला. ती म्हणाली, पप्पा, तुमचा दगडू बाई आहे, अभिनंदन. हसली. मग विचारलं, जेवलात का? हो म्हणालो. अजून भात लावायचा होता.

३ फेब्रुवारी, सकाळ
पिठाचं एकदा लिहून टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल.
मागच्या महिन्यात सुलक्षणा गेली तेव्हा तिच्या कॉटशेजारी पीठ पसरून वर दिवा ठेवला होता, टोपलीखाली झाकून. आमच्याकडची पद्धत. पिठात जो ठसा उमटतो, त्या जन्माला माणूस गेलं असं म्हणतात. दहाव्याला नानाने टोपली उचलली. नाना माझा थोरला भाऊ, कणकवलीहून आला होता. पिठात बारीक नखांचे ठसे. नाना म्हणाला, "ह्यां पाण्यातलां जनावर आसा. पाण्यात जल्म घेतल्यान तिना." सगळ्या बायका रडल्या.
टोपली थोडी सरकलेली होती. वाऱ्याने असेल. खिडक्या बंद होत्या, पण पंखा चालू होता.
माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. मी बीएस्सी आहे. पण अंडी वाया जाऊ देणं बरोबर नाही. उबवायची ठरवली. कारण फक्त शास्त्रीय.

त्याच दिवशी, दुपार
मोबाइलवर वाचलं. साधारण दोन महिन्यांत पिल्लं. २९ डिग्री, दमट हवा. एवढंच. ऑनलाइन मिळतात ती मशिनं कोंबड्यांची. आपण घरीच करू. औषध कंपनीच्या कोल्ड रूमवरच माझी अख्खी नोकरी झाली. तापमान हा माझा विषय आहे.

५ फेब्रुवारी
भांडुप मार्केटमध्ये मासेवाल्या माणिकबायकडून थर्माकोलचा खोका आणला. तिने विचारलं, काय पाठवताय गावाला? अंडी ठेवायची आहेत म्हणालो. म्हणाली, मग बर्फ टाकू का भाऊ? माझ्या आधी बाजूची कोळीण हसली.
खोका भांड्यांच्या साबणाने तीनदा धुतला. सुरमईचा वास जात नाही. जिन्यातली मांजर दारात येऊन बसली आहे.
पिवळा बल्ब कुठेच नाही. सगळे एलईडी देतात. एलईडी तापत नाही हे दुकानदाराला समजावलं. तो म्हणाला, काका, लोक त्याचसाठी तर घेतात. शेवटी समोरच्या चेतना वहिनींच्या माळ्यावर एक मिळाला. कशाला हवा, असं त्यांनी विचारलं. देवघराला, म्हणालो. त्या म्हणाल्या, वर्षश्राद्धापर्यंत काही लागलं तर सांगा हं, आणि डोळ्याला पदर लावला. बल्ब घेऊन घरी आलो.

७ फेब्रुवारी
घाटकोपरहून तापमानाचा कंट्रोलर आणला. दुकानातला मुलगा वायरिंग सांगत होता, मी थांबवलं. नोकरीत असे पन्नास हाताळलेत.
खोक्यात ओली वाळू, वाळूत अंडी, मध्ये सेन्सर. २९ सेट केलं. बल्ब लागला नाही. आतलं तापमान २४. सेट व्हायला वेळ लागत असेल.
दुपारी खोका गॅलरीत उन्हात नेला. ३० झालं आणि बल्ब आपोआप लागला! झकास. आता एप्रिलपर्यंत फक्त लक्ष ठेवायचं.
संध्याकाळी चार वाजता ४१. बल्ब विझतच नव्हता. प्लग काढला. झाकण उघडून वर्तमानपत्राने वारा घातला. मांजर आत येऊन बसली होती.
कंट्रोलर खराब निघाला. हल्ली क्वालिटी राहिली नाही.

८ फेब्रुवारी
कंट्रोलरवर अवलंबून राहायचं नाही. प्लग हाताने काढायचा, हाताने लावायचा. त्यासाठी घरीच राहायला हवं. तसंही कुठे जायचं नसतं.
खुर्ची खोक्याजवळ हलवली. जेवण खोक्याजवळ. टीव्ही इकडे वळवला.
नवीन नियम: १. झोपायच्या आधी गरम पाण्याची बाटली खोक्यात. २. अंडी दिवसातून एकदा उलटवायची, कोंबडी उलटवते तशी. ३. खोक्याशी बोलायचं नाही.

१२ फेब्रुवारी
आज कुठेतरी वाचलं की कासवाची अंडी अजिबात उलटवायची नसतात, आतलं पिल्लू मरतं. चार दिवस उलटवली. पण रोज हलक्या हाताने उलटवली आहेत. त्याने फरक पडत असावा.
मोबाइलच्या टॉर्चवर अंडी धरली. आत लाल रेषा दिसायला हव्यात. सगळं पिवळं दिसलं, सारखं, स्वच्छ. स्वच्छ म्हणजे निरोगी.
नियम ३ दोनदा मोडला. एकदा फक्त वीज गेली म्हणून सांगितलं.

१६ फेब्रुवारी, रविवार
अक्षता आणि निलेश आले. अक्षताने कोंबडी-वडे आणले होते. आत येताच तिने नाक मुरडलं, पप्पा, घरात मासे सडतायत का? खोका दाखवला.
निलेश जावई असला तरी माणूस शांत आहे. इंजिनिअर. त्याने कंट्रोलर हातात घेतला, एक बटण दाबून धरलं आणि म्हणाला, पप्पा, हा कूलिंगवर आहे. गरम झालं की चालू होतो. फ्रिजला लावतात तसा.
म्हणजे थंडीत बल्ब बंद आणि उन्हात चालू. अख्खी नोकरी मी थंड करण्यातच घालवली, हात तिकडेच गेला. निलेशला तसं सांगितलं. तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.
आता चालू-बंद नीट होतंय. निलेशचे आभार. खरी सुरुवात आजपासून धरायची. आधीचे दिवस ट्रायल रन.
जेवताना अक्षता म्हणाली, आमच्याकडे राहायला या. दगडूला सांभाळणारी संस्था बघते. मी म्हणालो, एप्रिलनंतर बघू, पिल्लं सोडून कसं येणार. ती म्हणाली, पप्पा, दगडू कायम एकटा होता. नर कुठून येणार? निसर्गात अपवाद असतात, मी म्हणालो. ती म्हणाली, आणि नानाकाकांच्या त्या पिठात दगडूच चालला होता. तो रोज आईच्या कॉटपर्यंत जायचा, विसरलात?
विसरलो नव्हतो.
ती म्हणाली, तुम्हाला त्या खोक्यात आई दिसते का? काहीतरी काय बोलतेस, म्हणालो. तिला रडू आलं. निलेशने पाण्याचा ग्लास पुढे केला. मी उठून तापमान बघितलं. २९.

२१ फेब्रुवारी
एका अंड्याला खळगा पडला आहे. मऊ कवचाचं असं होत असावं. वाळूत पाणी शिंपडलं.
नानाचा फोन. त्याला अक्षताने सांगितलेलं दिसतं. चिडला असेल असं वाटलं होतं, पण आवाज अगदी हळू. म्हणाला, पिल्लां इली की माका सांग. येतंय मी.
म्हणजे मी एकटा नाही. नाना बीएस्सी नाही, ही गोष्ट वेगळी.

२५ फेब्रुवारी
दुसरं अंडंही आत गेलं. डॉक्टरला दाखवायचं ठरवलं. नुसती खात्री म्हणून.
खोका रिक्षात मांडीवर घेऊन मुलुंडला प्राण्यांच्या डॉक्टरकडे गेलो. रिक्षावाला म्हणाला, पापलेट है क्या? सारा रस्ता तो बाहेर तोंड काढून चालवत होता.
डॉक्टर तरुण आहे. त्याने अंडी एक एक करून दिव्यावर धरली. मग विचारलं, काका, कासवाबरोबर नर होता का कधी? कधीच नाही, म्हणालो. तो म्हणाला, मादी एकटी असली तरी अंडी घालते. बाजारातून आपण कोंबडीची आणतो ना, तशी. यात काही नव्हतंच. तुमचं काही चुकलं नाही.
मी विचारलं, ४१ झालं होतं, त्याने झालं का? तो म्हणाला, नाही हो. अंडी उलटवली होती, त्याने? नाही. कंट्रोलर उलटा होता, त्याने? काका, यात काही नव्हतंच.
माझी चूक असती तरी चाललं असतं. बाहेर पुढचे लोक बसले होते, उठावं लागलं.
डॉक्टर तरुण आहे, अनुभव कमी. बल्ब चालूच ठेवतो.

१ मार्च
चेतना वहिनी दार वाजवून म्हणाल्या, भाऊजी, रागावू नका, पण मजल्यावर वास येतोय. सुरमईचा आहे म्हणालो. त्या म्हणाल्या, सुरमई मला कळते हो.
दोन अंड्यांतून पाणी सुटलं आहे. उरलेल्या दोघांवर पूर्ण लक्ष.
खोक्यात वाकून नावाने हाक मारली. हे कोणालाही सांगायचं नाही.

५ मार्च
तिसरं कालच गेलं होतं, आज चौथंही फुटलं. आत पिवळं पाणी, दुसरं काही नाही. चमच्याने नीट बघितलं.
प्लग काढला. बल्ब गार व्हायला बराच वेळ लागतो, तोपर्यंत बसून राहिलो.

६ मार्च
अंडी ओल्या कचऱ्यात टाकली. चेतना वहिनी दारात उभ्या होत्या. खोका माणिकबायला परत नेला. ती म्हणाली, ठेवा ना भाऊ, परत लागला तर? नाही लागणार, म्हणालो.
नानाला फोन करून सांगितलं. त्याने विचारलं, गरम होतां काय रे मुंबईत? हो म्हणालो.
दुपारी कॉटवरची मोठी चादर वाळून आली. दोघांची आहे, एकट्याला घडी घालता येत नाही, टोकं हातातून सुटतात. एक टोक कपाटाच्या कडीला अडकवलं, दुसरं ताणून धरलं, मध्ये घडी पाडली. पहिल्यांदा वाकडी झाली. सोडली, परत घातली. कपाटात ठेवून दिली.