ठकूची उशी

ता. ४ मार्च

चि. बारकीस अनेक आशीर्वाद.

ठकूचा पाळणा, तुझी घडवंची, तुझ्या नवऱ्याची न डुगडुगणारी खुर्ची, हे सगळं मी केलं, कुणाच्या हाताखाली न शिकता. आता ही उशी. मध्ये खळगा, दोन्ही बाजूंना ठासून भरलेले कान. ठकूचं डोकं त्यात बसवलं की डावीकडे कलणार नाही. हवं तर ओळंबा लावून बघ.

तू लिहितेस, फिजिओथेरपीच्या बाई रोज मान ताणायला सांगतात, खांदे धरायला दुसरं माणूस लागतं, पोर किंचाळते आणि तुझ्या हातातलं बळ जातं. मग थांबव की! वाकलेली फळी ओढून सरळ होत नाही, आवळून ठेवावी लागते. हे तर तीन महिन्यांचं लेकरू. बाईंना म्हणावं, आमच्या घरात कारागीर आहे. परवा बाळांच्या सामानाचा एक व्यापारी उशी बघून थक्क झाला. छाती फुगली माझी, खोटं कशाला लिहू?

तुझा लोभ गृहीत धरणारा,
दादा

ता. १९ ऑगस्ट

ती. दादास सा. न.

उशीचा गुण येतोय का, असं तू तीनदा विचारलंस. ठकूचं डोकं उशीत सरळ असतं, उचललं की खांद्यावर पडतं. मानेच्या डाव्या बाजूला दोरखंडासारखा स्नायू हाताला लागतो. डोकं मागून एका बाजूला चपटं झालंय.

बाई रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. त्यांनी उशीची शिवण निरखली, काम सुरेख आहे म्हणाल्या. मग सांगितलं, पोरीला स्वतःहून मान वळवायला जागाच उरली नव्हती. आता पुन्हा रोज ताणायचं, जागी असताना पालथं ठेवायचं, तोंड सारखं उजवीकडे वळलेलं असतं, म्हणून खुळखुळा डावीकडून वाजवायचा. वर्षाची होईपर्यंत सैल झाला नाही, तर स्नायू कापावा लागेल.

हे म्हणतात, भावाशी भांड. कशी भांडू? तिचं रडणं मलाच ऐकवत नव्हतं, आणि तू मला हवं तेच लिहिलंस. उशी पार्सलने पाठवतेय.

लोभ आटलेला नाही, पण आज त्याबद्दल लिहवत नाही.
बारकी

ता. २ सप्टेंबर

चि. बारकीस आशीर्वाद.

उशी मिळाली. सगळी उसवली. एकही टाका चुकलेला नव्हता.

शनिवारी येतोय, राहायलाच. खांदे मी धरीन. किंचाळली तरी सोडणार नाही. मेहुण्यांना सांग, माझ्याशी बोलले नाहीत तरी चालेल.

लोभ ठेव म्हणायला या खेपेला जीभ रेटत नाही.
दादा

ता. क. काल तो व्यापारी उशीचा नमुना विकत मागायला आला. नाही म्हटलं. त्याला वाटलं मी भाव वाढवतोय, म्हणून चहा संपेपर्यंत तोच वाढवत राहिला. शेवटचा आकडा साडेतीन लाख. नाही म्हटलं.